नवरी सोडून सगळे हजर

गालीलातल्या काना गावच्या लग्नाची गोष्ट आमच्याकडे लग्नालग्नात ऐकायला मिळते. योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. येशू आहे, त्याचे शिष्य आहेत, त्याची आई आहे, वाढपी आहेत, भोजनाचा कारभारी आहे. द्राक्षारस संपतो आणि सहा दगडी रांजणांत भरलेल्या पाण्याचा त्याहून चांगला द्राक्षारस होतो. रांजणांचं मापसुद्धा दिलंय. आजच्या हिशेबाने सहा मिळून 450 लिटरच्या पुढेच. वसईच्या लग्नातही एका दिवसात एवढी उठत नाही, निदान कुणी कबूल करत नाही. कारभारी घोट घेतो, खूश होतो आणि नवऱ्या मुलाला बोलावून त्याचं कौतुक करतो. काय झालंय याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नाही, पण श्रेय त्याच्या खात्यात जमा.

आणि नवरी? नवरी गोष्टीत नाहीच. रांजण किती ते लिहिलंय, केवढे ते लिहिलंय. लग्न कुणाशी होतं तेवढं लिहायचं राहून गेलं.

माझं लग्न जानेवारीत आहे, त्यामुळे हल्ली मला हे असलं दिसायला लागलंय. पेत्राचंच घ्या. आम्ही त्याला पहिला पोप मानतो. या पहिल्या पोपला सासू होती. ती तापाने फणफणलेली असते, येशू तिचा ताप उतरवतो, आणि बाई उठते ती थेट पाहुण्यांच्या सरबराईला लागते. ‘आई, बसा जरा, मी बघते’ म्हणायला त्या घरात कुणी नव्हतं का? सासू होती म्हणजे बायको असणारच. पण पेत्राच्या बायकोचं नाव एकाही शुभवर्तमानात नाही. सासूचा ताप मात्र चारांपैकी तिघांनी नोंदवून ठेवलाय.

मम्मी म्हणते, बायबल असं वाचायचं नसतं. मग लहानपणी दर रविवारी धर्मशिक्षणाला कशाला पाठवलंस, असं विचारलं तर म्हणते, भांडी घास.

आम्ही मुहूर्त बघत नाही. हे आमचे लोक हिंदू शेजाऱ्यांना फार अभिमानाने सांगतात आणि मग तारीख काढायला बसतात. उपवासकाळात लग्न नको. ख्रिसमसच्या आधीचा आगमनकाळ, तोही नको. पावसात मांडव नको. मे महिन्यात हॉल नाही. दुबईच्या काकांना डिसेंबरात सुट्टी, मस्कतच्या आत्याला जानेवारीत, आणि दोघांपैकी कोण रुसलेलं परवडेल यावर घरात मतदान. बरं, उपवासकाळ सुरू कधी होतो? राखेच्या बुधवारी. राखेचा बुधवार कशावरून? ईस्टरवरून. आणि ईस्टर? 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्यानंतरच्या रविवारी. आली ना पौर्णिमा? तुमचे भटजी घरी येऊन पंचांग उघडतात, आमचं चर्चच्या कॅलेंडरवर छापून येतं. चंद्र एकच.

जातही आम्ही बघत नाही. संत पौलाने गलतीकरांना लिहिलंय की ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद उरत नाही. त्यात सामवेदी आणि वाडवळ यांचा उल्लेख करायचा राहिला, त्याचा आम्ही फायदा घेतो. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 साली चिमाजीअप्पांनी जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत देव बदलला, आडनावं बदलली, आम्ही डिसोझा झालो, परेरा झालो, लोपीस झालो. जात तेवढी स्नानसंस्काराच्या पाण्यात विरघळली नाही. मी सामवेदी, माझा होणारा नवरा वाडवळ. दोघांच्या घरात तीच जपमाळ, तोच क्रूस, रविवारी तीच मिस्सा. तरी पहिल्या बैठकीत आमच्या थोरल्या काकांनी त्याच्या वडिलांना विचारलं, “तुमच्यात कालवणाला वाटण कसं असतं हो?” प्रश्न स्वयंपाकाचा नव्हता. काकांना आयुष्यात कधी चहा करता आला नाही, ते वाटणाची चौकशी कशाला करतील?

गाऊनचं विचारू नका. पांढरा, कारण राणी व्हिक्टोरियाने 1840 साली स्वतःच्या लग्नात पांढरा घातला आणि तेव्हापासून नवरी म्हटली की पांढरी, असं सगळ्या जगाने ठरवून टाकलं. हीच व्हिक्टोरिया 1861 मध्ये विधवा झाली आणि 1901 मध्ये मरेपर्यंत काळ्यात वावरली, हे बुटीकवाली सांगत नाही. आजी जन्मभर लाल लुगडं नेसली. तिला मोबाइलवर गाऊनचा फोटो दाखवला तर म्हणाली, “पांढरं? नवऱ्याला काय झालं?” मी तिला राणीचा इतिहास सांगितला. आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ती राणी. तिला कोण बोलणार?” गाऊनचा मागचा घोळ इतका लांब आहे की तो उचलायला दोन करवल्या लागतात. बसायला वेगळं स्टूल लागतं. बाथरूमला जायचं झालं तर समिती नेमावी लागेल. आणि हा सगळा खर्च चार तासांचा. त्यानंतर तो कपाटावर, निळ्या प्लास्टिकमध्ये. बाकी बोटात अंगठी आणि गळ्यात मंगळसूत्र, दोन्ही. आमच्याकडे दोन्हीकडून बंदोबस्त असतो.

विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर आमच्याकडे सक्तीचं आहे. प्रमाणपत्र नाही तर लग्न नाही. ज्यांनी लग्न न करण्याचं व्रत घेतलंय ते पहिल्या सत्रात लग्नावर बोलतात, यावर पुष्कळ विनोद होऊन गेलेत, मी नवा करत नाही. मला तर फादर परवडले. ते निदान ‘माझं बघा’ असं म्हणत नाहीत. खरा धोका अनुभवी जोडप्याच्या सत्रात असतो. स्टेजवर काका-काकू बसले. काका म्हणाले, इतक्या वर्षांत आम्ही एकदाही भांडलो नाही. काकूंनी मान डोलावली. संसारात संवाद किती महत्त्वाचा, यावर काका पाऊण तास एकटे बोलले. माइक काकूंकडे जाणार, तेवढ्यात चहा आला.

मग डॉक्टरबाई. पोप सहावे पॉल यांनी 1968 साली परिपत्रक काढून कृत्रिम गर्भनिरोधनाला मनाई कायम ठेवली, तेव्हापासून कॅथलिक शिबिरांत फळ्यावर मासिक चक्राचा तक्ता काढतात. मुली वहीत उतरवून घेत होत्या. मुलं पंख्याकडे बघत होती. पंख्याला इतक्या एकाग्रतेने कुणी कधी पाहिलं नसेल. दिवस मोजायचे मुलीने, रोज सकाळी उठल्या उठल्या अंगाचं तापमान बघायचं मुलीने, तक्ता भरायचा मुलीने. संयम तेवढा ‘दोघांनी’ पाळायचा. एका मुलाने हात वर केला. वाटलं, निघाला एक तरी शहाणा. त्याने विचारलं, प्रमाणपत्र आजच मिळेल ना?

लग्नाच्या मिस्सातली वाचनं जोडप्याने निवडायची असतात. इथे मी पहिल्यांदा खूश झाले, कारण या सगळ्या तयारीत मला काहीतरी निवडायला मिळत होतं आणि त्याला लेस नव्हती. इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय लग्नासाठी दोन रूपांत वाचता येतो, एक लांब, एक आखूड. लांबात बायकांनी नवऱ्यांच्या अधीन राहावं हा भाग आहे. आखूडात तो गळतो आणि नवऱ्यांनी बायकांवर प्रेम करावं तिथून सुरुवात होते. रोमने इतकी सोय करून ठेवली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी आखूडावर खूण केली. होणारे सासरे म्हणाले, देवाचा शब्द असा कापायचा नसतो, पूर्ण वाचा. मी म्हटलं, चालेल पप्पा, पण पूर्ण म्हणजे एकविसाव्या वचनापासून, आणि तिथे दोघांनी एकमेकांच्या अधीन राहावं असं आहे. पप्पांनी चष्मा लावून स्वतः वाचून पाहिलं.

“आखूडच बरं,” म्हणाले. “लोकांना जेवायचं असतं.”

नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय मात्र त्यांनी सुचवला. सद्गुणी स्त्रीचं वर्णन. ही बाई अंधारात उठते, घरच्यांच्या खाण्याचं बघते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, सूत कातते, कपडे शिवून व्यापाऱ्याला विकते, गरिबांना देते, आणि रात्री तिचा दिवा विझत नाही. तिचा नवरा काय करतो? तो वेशीपाशी वडीलधाऱ्यांत बसतो आणि लोक त्याला ओळखतात. वसईत आता वेस नाही, नाका आहे. माझी आजी पहाटेची पहिली गाडी पकडून भाजीची पाटी दादरला न्यायची, परत येऊन केळीच्या वाडीला पाणी सोडायची, रांधायची, आणि संध्याकाळी जपमाळ सांगताना बसल्या बसल्या पेंगायची. आजोबांना गावात सगळे ओळखत.

तीन रविवार दोघांच्याही धर्मग्रामांत लग्नाची घोषणा झाली. या दोघांच्या विवाहाला कुणाला काही अडथळा माहीत असेल तर त्याने कळवावं. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने हा नियम सगळ्या चर्चला लावला, कारण त्या काळी लोक गुपचूप लग्न करत. वसईत गुपचूप? माझी सोयरीक फादरांच्या आधी मासळीवालीला माहीत होती. तीन रविवारांत अडथळा कुणी कळवला नाही. सूचना भरपूर आल्या. केटरर बदला, तो इंदेलमध्ये व्हिनेगर कमी घालतो. फुगे आदल्या रात्री तळू नका, वातड होतात. मुलगी जरा वाळलीये, तिला अंडी द्या. माझ्याकडे थेट कुणी काही बोललं नाही. सगळं मम्मीकडे आलं, मी बाजूला उभी असताना.

रिसेप्शनसाठी एमसी ठरलाय. त्याचे विनोद मी आधीच मागवून घेतले. त्यांतल्या निम्म्यांत बायको नवऱ्याचं पाकीट रिकामं करते, उरलेल्यांत त्याचं डोकं खाते. मी विचारलं, कमावत्या बायकोवर काही आहे का? तो म्हणाला, मॅडम, असे विनोद चालत नाहीत, लोक गंभीर होतात. टोस्ट उचलणार थोरले काका. त्यांच्या भाषणाचा मसुदा पाहिला. पहिलं पान माझ्या पप्पांच्या कष्टांवर, दुसरं आमच्या घराण्यावर, तिसऱ्यावर मी येते. ‘घरकामात निपुण’ असं लिहिलंय. मी अंधेरीला ऑडिट करते. काकांना ऑडिट म्हणजे काय ते ठाऊक आहे, पण त्यावर ग्लास उचलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ऑडिटची सवय असल्यामुळे मी कायदाही वाचला. आमच्यावर आज लागू असलेला लग्नाचा कायदा 1872 चा, आणि घटस्फोटाचा 1869 चा. इंग्रजांनी सुटायच्या वाटेची व्यवस्था तीन वर्षं आधीच करून ठेवली होती, हा त्यांचा व्यवहारीपणा. लग्नाच्या कायद्यात अजून लिहिलंय की विवाह सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत लावावा. रात्री लावायचा तर आमच्या फादरांना बिशपांचा परवाना हवा. इंग्लंडच्या चर्चच्या पाद्रीने लग्न चर्चमध्येच लावावं, पाच मैलांत चर्च नसेल किंवा खास परवाना असेल तरच बाहेर लावावं, हेही त्यात जसंच्या तसं आहे. साहेब गेला, त्याचा पाद्री कलमात राहिला.

घटस्फोटाच्या कायद्यात मौज इतकी नाही. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की त्याची सुटका होई. बायकोला नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला छळ किंवा टाकून देणं, असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. एक मारून भागत नाही, दोन मार, मग बघू. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनेत बसत नाही असं ठरवलं. संसदेने कायदा बदलला 2001 मध्ये. बायको दुसऱ्याबरोबर गेली तर त्या दुसऱ्याकडून नवऱ्याने नुकसानभरपाई मागायची, हे कलमही त्याच वर्षी गेलं. म्हणजे मी शाळेत जायला लागले तेव्हा माझ्या मम्मीची कायदेशीर किंमत अजून आकारता येत होती. संमतीने घटस्फोटही तेव्हाच आला. हे मी घरात वाचून दाखवलं तर मम्मी म्हणाली, लग्नाच्या तोंडावर हे काय अभद्र वाचतेस. होणारा नवरा म्हणाला, इंटरेस्टिंग आहे. त्याला मी हल्ली काहीही वाचून दाखवलं तरी तो इंटरेस्टिंग आहे म्हणतो. शिबिरात शिकवलंय बहुधा.

आता चौकशीचं सांगते. लग्नाआधी फादर दोघांना एकेकटं बोलावतात आणि शपथ देऊन प्रश्न विचारतात. फॉर्म असतो. आधी कुणाशी लग्न झालंय का, नात्यात आहात का, आणि मग: तू स्वखुशीने लग्न करतेयस का? कुणी जबरदस्ती, धाक? मम्मी बाहेरच्या बाकावर होती. दार लोटलेलं होतं, पण मम्मीला लोटलेल्या दारातून ऐकू येतं. मी उत्तर द्यायला दोन श्वास जास्त घेतले तर बाहेर खोकल्याची उबळ आली. फादर हसले, उठले, दार लावून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. साखरपुड्यापासून आजतागायत गाऊनचा गळा, केकचे मजले, हॉलचा एसी यांवर माझं मत घेतलं गेलं आणि फेटाळलं गेलं. इथे ते टाइप करून त्यावर सही घेतली.

घरी येऊन मी 1983 सालची धर्मविधिसंहिता उघडली. 1752 कलमं. 1103 म्हणतं, जबरदस्तीने किंवा मोठ्या धाकाने झालेलं लग्न लग्नच नाही. त्याच्या आधीचं 1102 वाचलं आणि मी पलंगावर उठून बसले. भविष्यातल्या गोष्टीची अट घालून केलेलं लग्न वैध होत नाही.

कारण त्याच आठवड्यात होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “आम्हाला हुंडा नको, मानपान नको, काही नको. एकच अट आहे बाय, लग्नानंतर ती अंधेरी सोड आणि वसईतच काहीतरी बघ.” मी पुढच्या भेटीत त्यांना 1102 दाखवलं. म्हटलं, अशी अट राहिली तर लग्नच लागायचं नाही, सगळा खर्च वाया. सासूबाई घाबरल्या. देवभीरू आहेत. फादरांना फोन लावला. फादर म्हणाले, तसं नाही, अट लग्न करणाऱ्याने स्वतःच्या संमतीला जोडलेली असावी लागते. सासूच्या अटीला धर्मविधीत काही स्थान नाही. सासूबाईंना यातलं ‘तसं नाही’ एवढंच ऐकू आलं, मला ‘काही स्थान नाही’ एवढंच. दोघी समाधानाने चहा प्यायलो. कप ठेवताना त्या म्हणाल्या, “अट नाही गं. अपेक्षा.”

अपेक्षेवर 1752 पैकी एकही कलम मला सापडलं नाही.

पण कायदा दोन्हीकडून कापतो. माझीही एक अट होती: लग्नानंतर त्याने स्वयंपाक शिकायचा. ती गेली. त्याच कलमात पुढे आहे की भूतकाळातल्या किंवा चालू काळातल्या गोष्टीची अट घालता येते, मात्र बिशपांसारख्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. म्हणजे ‘मुलाला आज भात लावता येतो’ या अटीसाठी मला बिशप हाउसला अर्ज करायला हवा. अर्ज केला नाही. उत्तर येईपर्यंत उपवासकाळ सुरू व्हायचा. त्याऐवजी त्याला दर रविवारी मिस्सा झाली की आमच्या स्वयंपाकघरात आणते. भात जमला. कांदा जमतोय. परवा मांदेली साफ करायला दिली. मम्मीला त्याची दया आली, ती सुरी काढून घ्यायला निघाली; तिला मी खुर्चीत बसवलं.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन. हात माखलेले, म्हणून स्पीकरवर लावला.

“काय करतोयस?”

“मासे साफ करतोय.”

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग काळजीचा आवाज. “का रे, तिला बरं नाही का?”

“बरी आहे,” तो म्हणाला. “समोर बसून कलमं वाचतेय.”